दोन तासांचा फोन

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधल्या त्या कचेरीत संदेश मिठाईची खोकी फिरली, ती कादंबरी घोरपडेच्या कामाबद्दल. कंपनीचे कोलकाता भागात चोवीसशे मोबाइल टॉवर होते. कुठल्या टॉवरचा अँटेना किती झुकवायचा, चालू फोन शेजारच्या टॉवरच्या हवाली कधी करायचा, हे आजवर माणसं एकेक टॉवर बघून ठरवत आली होती. कादंबरीने दीड वर्ष खपून ते सगळं एका प्रणालीवर सोपवलं. ती प्रणाली दर रविवारी अख्ख्या शहराचे आकडे एकदम वाची आणि चोवीसशे टॉवरना आपापले हुकूम सोडी. पूर्वी हजारातले नऊ फोन मध्येच तुटत, ते चारवर आले होते. इंटरनेटचा वेग वाढला होता. मुंबईहून तिच्या वरिष्ठाने, प्रथमेशने, पडद्यावरून सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. तो तिच्याहून पाच वर्षांनी लहान होता आणि माणूस वाईट नव्हता.

टाळ्या झाल्या, खोकी रिकामी झाली, लोक आपापल्या जागी गेले. कादंबरीला कुणाला तरी फोन करावासा वाटला. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. भाऊ रोहन टोरांटोला, त्याच्याकडे ती वेळ झोपेची. लग्न केलं होतं ते चार वर्षांत मोडलं होतं, तेही मोठं भांडण न होता, नुसतं पातळ होत होत. सांगली सोडून बारा वर्षं झाली होती, आणि इथे करुणामयी भागातल्या भाड्याच्या घरात दोन वर्षं होत आली तरी शेजारच्या दारावरची पाटी तिने नीट वाचली नव्हती. तिने फोन ठेवून दिला आणि टेबलावरची टपालाची फाइल ओढली.

त्यात ते पत्र होतं. रेघांच्या कागदावर, इंग्रजीत, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा अक्षरात. डमडमला नागेरबाजारच्या आतल्या गल्लीत राहणाऱ्या एका बाईंची तक्रार होती, की ऑक्टोबरपासून त्यांचा संध्याकाळचा फोन रोज तुटतो. ही पाचवी तक्रार होती. आधीच्या चार 'निकाली' म्हणून बंद झाल्या होत्या, आणि त्याबद्दल बाईंनी एकच वाक्य लिहिलं होतं: मला न विचारता माझं समाधान झाल्याचं आपण कसं ठरवलंत, हे समजल्यास बरं होईल. खाली तारखा आणि तुटण्याच्या वेळा, पंचवीस ओळी. सगळ्या संध्याकाळी सहा ते आठच्या मधल्या. सहीच्या जागी, कु. कालिंदी बापट, निवृत्त शिक्षिका.

आडनाव पाहून कादंबरी थबकली हे खरं, पण त्याहून जास्त ती ऑक्टोबर या शब्दापाशी थबकली. तिची प्रणाली सुरू झाली ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तपनदाला घेऊन निघाली. तपनदा म्हणजे कंपनीचा जुना तंत्रज्ञ, उत्तर कोलकात्यातला एकेक टॉवर स्वतः चढलेला माणूस. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून ती दोघं तपासणीचा फोन हातात घेऊन चालत गेली. इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही. दार उघडलं ते एका उंच, वाळक्या बाईंनी. पांढरी सुती साडी, एका हाताने भिंत धरलेली. वय पंचाहत्तरच्या पुढे असावं.

कादंबरीने इंग्रजीत नाव सांगितलं, तसं बाईंनी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, "घोरपडे? मग मराठीत बोल की. ये आत. पाणी खाशील?"

कादंबरीला हसू आलं. बाईंच्या लक्षात आलं.

"पिशील," त्या म्हणाल्या. "आमचं असंच होतं. जन्म इथला. वडील अकाउंटंट जनरलच्या कचेरीत बदलून आले ते कायमचे. घरात मराठी, बाकी सगळं बंगालीत. आता घरातही बोलायला एकच माणूस उरलंय."

"काकू, तुमचा फोन नेमका—"

"काकू नको म्हणूस, मी कुणाची बायको नाही. मावशी म्हण हवं तर."

तपनदा बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघरात, गॅलरीत फोन घेऊन हिंडत राहिला. मावशींनी चहा केला आणि कादंबरीला समोर बसवून काय ते सांगितलं.

त्यांची धाकटी बहीण रजनी बराकपूरला असे. नवरा तिथल्या कारखान्यात अधिकारी होता, तो गेला. मुलगा अनीश पुण्यात. दीड वर्षापूर्वी रजनीला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं हलतात, पण हात उचलत नाही. कान मात्र शाबूत आणि डोकंही शाबूत. अनीशने दोन आया ठेवल्या होत्या. दिवसाची बाई सहाला निघते, तिची गाडी असते. रात्रीची आठला येते. मधल्या दोन तासांसाठी माणूस मिळत नव्हतं. एक मिळाली होती, ती आठवडाभरात सोडून गेली.

"मग आम्ही असं ठरवलं," मावशी म्हणाल्या. "सहाला दहा कमी असताना मी फोन लावायचा. आया तो उचलून तिच्या उशीशी ठेवते, आवाज मोठा करते, दिवा लावते आणि बाहेरून कुलूप घालून जाते. मग आठ वाजेपर्यंत मी इथे, ती तिथे."

"दोन तास तुम्ही बोलता?"

"छे. दोन तास काय बोलणार एकटीने? मी माझी कामं करते. भाजी चिरते, भांडी घासते, कुकर लावते, कपड्यांच्या घड्या करते. मधूनच तिला काहीतरी सांगते. ती हं म्हणते. तिला ऐकू येत असतं ना, की मी आहे. तेवढंच."

"आणि फोन तुटला तर?"

मावशींनी कप खाली ठेवला. "तुटला तर मी पुन्हा लावते. तिच्या कानाशी घंटी वाजत राहते. तिला उचलता येत नाही. पहिल्यांदा तुटला तेव्हा मी वीस वेळा लावला. रात्रीच्या आयाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, मासिमा, म्हणजे आमची रजनी, खूप रडत होत्या. तेव्हापासून तुटला की मी लावतच नाही. बसून राहते."

कादंबरी इंजिनियर होती, तिच्या डोक्यात उपाय रांगेने उभे राहिले. फोन आपोआप उचलला जाईल अशी सोय? ती अनीशने केली होती. मग एका संध्याकाळी राजारहाटचे फ्लॅट विकणारी कुणी मुलगी रजनीच्या उशीशी कितीतरी वेळ बोलत राहिली, आणि नंतर रोजच कुणी ना कुणी बोलू लागलं. साधा बटणांचा फोन तो, कुणाचा उचलायचा आणि कुणाचा नाही हे त्याला कुठलं कळायला. वायफाय? गल्ली वर्षात तीनदा खणली होती, तितक्या वेळा तार तुटली. रजनीला इथे आणणं? तीन जिने. मावशींनी तिथे राहायला जाणं? मध्ये दोन महिने राहिल्या होत्या. गुडघे पार गेले, कारण त्या घराला शौचालय अंगणापलीकडे.

"बाहेरच्या खोलीत एका जागी बसून बोललात तर?" तपनदाने नुकताच दाखवलेला आकडा पाहून कादंबरीने विचारलं.

"एका जागी बसले तर तिला काय ऐकू येणार?" मावशी म्हणाल्या.

कादंबरीने तो आकडा टिपून घेतला. तुटायचं कारण तिला आता दिसत होतं. चौकातल्या टॉवरचा अँटेना तिच्या प्रणालीने ऑक्टोबरात खाली झुकवला होता, खालच्या बाजाराच्या गर्दीला नीट मिळावं म्हणून. त्यामुळे हे घर त्याच्या अगदी कडेला पडलं. बाहेरच्या खोलीत चौकातला टॉवर पोचे, स्वयंपाकघरात रेल्वे रुळांपलीकडचा. मावशी घरात फिरल्या की फोन या टॉवरकडून त्या टॉवरकडे, पुन्हा इकडे, असा तासाला वीस-पंचवीस वेळा उड्या मारी. दोन मिनिटं बोलणाऱ्याच्या वाट्याला अशी एखादी उडी येई किंवा येतही नसे. दोन तासांत पन्नास उड्या, आणि संध्याकाळच्या गर्दीत त्यातली एखादी फसणारच.

निघताना मावशींनी तिला एक वही दाखवली. पत्रात फक्त वेळा होत्या. वहीत प्रत्येक वेळेपुढे मराठीत, फोन तुटला तेव्हा त्या काय बोलत होत्या ते लिहिलेलं होतं. 'आईच्या पितळी डब्याचं.' 'मेथी महाग.' 'काही नाही, नळ चालू होता.'

"हे कशाला लिहिता?"

"दुसऱ्या दिवशी तिथून पुढे सांगायला. तिला अर्धवट आवडत नाही."

प्रथमेश फोनवर शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "कादंबरी, तो अँटेना उचलला तर बाजारातल्या दहा-बारा हजार लोकांचा वेग पडेल. तोही सहा ते आठ, ऐन गर्दीत. एका ग्राहकासाठी मी ते कसं मंजूर करू? तूच सांग."

तो चुकत नव्हता. तेच तर दीड वर्ष ती सगळ्यांना समजावत आली होती, की एकेका टॉवरकडे बघू नका, सगळ्यांचं मिळून काय होतं ते बघा.

अँटेना तिने उचलला नाही. तिने छोटी गोष्ट केली. त्या दोन टॉवरच्या मधला नियम बदलला: फोन सहजासहजी सोडायचा नाही, पलीकडचा टॉवर चांगलाच जोरदार झाला आणि काही क्षण तसाच राहिला, तरच हवाली करायचा. एवढं करायचा अधिकार तिला होता. अडचण एकच. रविवारी रात्री प्रणाली सगळे नियम पुन्हा लिही, त्यात हा पुसला जाई. म्हणून दर सोमवारी सकाळी आल्या आल्या कादंबरी तो हाताने परत घाली.

फोन टिकू लागला. तक्रार उघडी असल्यामुळे मावशींच्या लेखी संमतीने त्यांच्या क्रमांकाची नोंद तिला बघता येई. बोलणं ऐकू येत नसे, नुसती वेळ दिसे. सहाला दहा कमी असताना एक ओळ उमटे आणि पुढचे आकडे वाढत राहत. बाकीचे लोक सहा-साडेसहाला कचेरीतून जात. कादंबरीला जायची घाई अशी कधी नसे, आता तर तिला थांबायला निमित्त मिळालं. ती आपलं काम करी आणि मधूनमधून त्या ओळीकडे बघे. एक तास चार मिनिटं. एक तास चाळीस. आठला ओळ बंद झाली की ती संगणक मिटवून जिना उतरे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नाही असं तिला वाटे, आणि खरं सांगायचं तर सांगायला कुणी नव्हतंही.

असे तीन आठवडे गेले. मग डिसेंबरातल्या एका रविवारी तिला गुवाहाटीला जावं लागलं. सोमवारी सकाळपासून बैठका होत्या. जेवणाच्या सुट्टीत तिला काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, पण काय ते आठवेना, आणि मग पुन्हा बैठक सुरू झाली. आठवलं ते मंगळवारी दुपारी, कोलकात्याच्या विमानतळावर सामानाची वाट बघताना. तिने तिथेच उभ्याउभ्या संगणक उघडला.

सोमवारची ओळ सहा पंचवीसला तुटलेली होती. त्याखाली मावशींनी बराकपूरला केलेले चौदा फोन, एकही उचललेला नाही. सातला दुसऱ्याच एका क्रमांकाला एक फोन, आणि त्यानंतर काहीच नाही.

मावशींनी लगेच फोन उचलला. आवाज थकलेला होता.

"अगं, तुटला. नंतर लावायचा नाही असं ठरवलेलं, पण राहवलं नाही, लावत बसले; मग सात वाजता वाटलं, रात्रीच्या बाईला तरी विचारावं. तिने घरूनच उचलला. म्हणाली, अंगात ताप आहे, मी येत नाही, रजनीमासिमांच्या फोनवर कळवत होते पण तिथे कुणी उचलत नाही. आता त्या फोनवर कोण उचलणार होतं? मग माझ्याकडची किल्ली घेऊन मी गेले."

"तुम्ही गेलात? बराकपूरला?"

"जिना उतरायला वेळ लागला. नागेरबाजारहून ऑटो, मग डमडमहून गाडी. साडेआठला पोचले. दिवा लावायला दिवसाची आया विसरलेली, ती अंधारात पडून होती. उशी सरकलेली. बाकी काही झालं नाही गं. डोळे उघडे होते. मी दिवा लावला तर माझ्याकडे बघतच राहिली, जणू मी तिथे असणं शक्यच नाही. रात्रभर थांबले, सकाळी आले. गुडघ्याचं काही विचारू नकोस, एका मजल्याला पंधरा मिनिटं लागली."

"मावशी, चूक माझी आहे," कादंबरी म्हणाली. "दर सोमवारी एक आकडा हाताने घालावा लागतो. काल मी गावाला होते, घालायचा राहिला."



"म्हणजे तो फोन आपोआप चालत नव्हता?" मावशींनी विचारलं. "तू रोज बघत होतीस?"

"सोमवारी."

"मला सांगितलं असतंस तर सोमवारी आठवण केली असती," मावशी म्हणाल्या. त्यात राग नव्हता. कादंबरीला तो असता तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी ती स्वतः बराकपूरला गेली. मावशींना सांगून, दिवसाच्या आयाला सांगून. नोंदीसाठी दुसऱ्या टोकालाही तपासणीचा फोन हवा होता, हे कारण खरं होतं. पण तपनदाही ते करू शकला असता. खोली लहान, उंच छताची होती. रजनीबाई पलंगावर डाव्या कुशीवर, केस नीट विंचरलेले. त्यांनी कादंबरीकडे पाहिलं आणि पापण्या मिटून उघडल्या. आयाने फोन उशीशी ठेवला, दिवा लावला आणि पावलं वाजवत निघून गेली.

"रजू," फोनमधून मावशींचा आवाज आला, "ती मुलगी आलीय ना? तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, तिचं काम चाललंय. मी आता वाटाणे सोलायला घेते."

आणि मग वाटाणे सोलण्याचा आवाज. शेंगेची शीर ओढल्याचा, दाणे स्टीलच्या भांड्यात पडल्याचा. आधी टणटण, मग भांडं भरत गेलं तसा बोथट. मावशी पाय ओढत स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला, बंद केला. कुणीतरी गल्लीतून काही विकत गेलं. बराच वेळ काही नाही. मग, "आज पाठक बाईंचा फोन होता. त्यांचा नातू परदेशी चाललाय." रजनीबाई म्हणाल्या, "हं." पुन्हा काही नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा रजनीबाईंची डावी बोटं चादरीवर हलली. दुसऱ्या शिट्टीला पुन्हा. तिसऱ्या शिट्टीनंतर मावशींनी गॅस बंद केल्याचं ऐकू आलं आणि बोटं थांबली. कादंबरीच्या लक्षात आलं, की त्या मोजत होत्या.

खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून ती दोन तास पडद्यावरचे आकडे टिपत होती. कुणाशी न बोलता इतका वेळ ती रोजच घालवी, पण त्या दिवशी तिला ते जड गेलं. त्या दोघींच्या मधे आपण आहोत आणि त्यांचं आपल्यावाचून काहीही अडलेलं नाही, असं तिला वाटत राहिलं. आठला रात्रीची आया आली. मावशी म्हणाल्या, "बरं, ठेवते," आणि ओळ बंद झाली. एकदाही तुटली नव्हती.

परतीच्या गाडीत तिला एक साधा प्रश्न पडला, जो दीड वर्षात पडला नव्हता. हजारात चार फोन तुटतात, म्हणजे कुठले चार? दुसऱ्या दिवसापासून तिने शहरातले फोन लांबीप्रमाणे वेगळे काढायला घेतले. दोन-तीन मिनिटांचे फोन फारच सुधारले होते, आणि संख्येने तेच प्रचंड असल्यामुळे सगळी सरासरी त्यांनीच ओढून नेली होती. तासाभराच्या वर चालणारे फोन निराळे काढले, तर त्यातले शंभरात चार पूर्वी तुटत. ऑक्टोबरनंतर शंभरात सात तुटू लागले होते.

तिने प्रथमेशला तक्ता पाठवला आणि फोन केला.

"म्हणजे यांचं आपण बिघडवलं," तो म्हणाला.

"हो. मी."

"असे फोन आहेत तरी किती?"

"कोलकात्यात रोज संध्याकाळी सहा हजारांच्या आसपास."

"इतका वेळ लोक बोलतात काय?"

"माहीत नाही," कादंबरी म्हणाली. "बरेचसे बोलत नसतील."

प्रथमेश मग कामाला लागला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. वर जाऊन भांडला, दोन माणसं मिळवून दिली. जानेवारी आणि फेब्रुवारी त्यातच गेले. प्रणालीला एक नवीन नियम शिकवला: फोन वीस मिनिटांहून जुना झाला की त्याला उगाच इकडून तिकडे हलवायचं नाही, आणि दर रविवारच्या हिशेबात या लांब फोनांचा आकडा स्वतंत्र धरायचा. आधी डमडमच्या तीस टॉवरवर, मग उत्तर कोलकात्यात, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात चोवीसशे टॉवरवर तो लागू झाला. इंटरनेटचा सरासरी वेग केसभर खाली आला. लांब फोन शंभरात दीड तुटू लागले. या खेपेला संदेशची खोकी आली नाहीत, पण तपनदा मुद्दाम तिच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, की आपल्या सासूचा काकीशी रोजचा फोन आता तुटत नाही, घरात शांतता आहे.

आता सोमवारी काही घालायचं नव्हतं. कादंबरी ही बातमी मावशींना सांगायला शनिवारी दुपारी डमडमला गेली.

मावशींनी ऐकून घेतलं. नियम काय, तो शहरभर कसा लागला, हे सगळं नीट विचारून घेतलं. भूगोल शिकवलेला असल्यामुळे त्यांना ते लवकर समजलं. मग म्हणाल्या, "चांगलं काम केलंस. रजनी मागल्या आठवड्यात मंगळवारी पुण्याला गेली."

कादंबरीला आधी कळलंच नाही.

"अनीशने तिथे एक शुश्रूषागृह बघितलंय. त्याच्या घरापासून जवळ आहे. चोवीस तास माणसं असतात. डिसेंबरात ती एकटी अंधारात पडली ना, तेव्हाच त्याने मनावर घेतलं. जागा मिळायला वेळ लागला इतकंच. मी नाही म्हटलं नाही. काय म्हणून नाही म्हणणार?"

"मला सांगितलं नाहीत."

"तू इतकी खपत होतीस त्या नियमासाठी," मावशी म्हणाल्या.

कादंबरी तिथेच बसून राहिली. त्या मंगळवारपासून तिने ती ओळ एकदाही बघितली नव्हती; नियम शहरभर लावायच्या गडबडीत तिला वाटलं होतं, आता बघायची गरज नाही. डिसेंबरातला तो सोमवार नसता तर रजनीबाई बराकपूरलाच राहिल्या असत्या का, हे तिला विचारायचं होतं. पण त्याचं उत्तर मावशींनी आत्ताच दिलं होतं, आणि तेही तिला दुखू नये अशा बेताने.

"तिथे फोन लावता येतो ना?" तिने विचारलं.

"रविवारी अकराला. नर्स तिच्या कानाशी धरते. पाच-सात मिनिटं. ती बाई तिथे उभी असते, मग मला काहीतरी बोलावं लागतं. कशी आहेस, जेवलीस का. रजू हं म्हणते. पण कसलं हं, ते मला ओळखू येत नाही." मावशी उठल्या. "थांब, चहा करते. चहा खाऊन जा."

बाहेर पाच होऊन गेले होते. मावशींनी चहा केला, मग तांदूळ धुतले, मग डाळ काढली. कादंबरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. त्या प्रत्येक काम सावकाश आणि जरा मोठ्याने करत होत्या. भांडं ओट्यावर ठेवताना आपटत, झाकण नीट वाजवून लावत. ती सवय हाताला लागली होती, आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नसावं.

"मावशी," कादंबरी म्हणाली, "सहाला मला फोन करत जा. मी आठपर्यंत कचेरीतच असते. बोलायला नको. नुसता चालू ठेवायचा."

मावशींनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून हो म्हणू का?" त्या म्हणाल्या. "नाही गं. तुझ्याशी मला बोलावं लागेल. तू काही विचारशील, मी काही सांगेन. रजू दीड वर्षांची असल्यापासून माझ्या मागे मागे फिरायची. तिला नुसता माझा आवाज पुरतो. तुला पुरणार नाही, आणि पुरावासुद्धा नाही. तू तरुण आहेस."

"मी सदतीस वर्षांची आहे."

"तेच म्हणते मी."

कुकर चढला. दोघी बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. मावशींचा फोन मेजावर होता. सहाला दहा कमी असताना त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण हातातली वाटी खाली ठेवली आणि थोडा वेळ दोन्ही हात मांडीवर तसेच राहू दिले. मग त्यांनी कादंबरीला सांगलीबद्दल विचारलं, कृष्णेला पूर येतो तेव्हा पाणी कुठपर्यंत चढतं ते. कादंबरी सांगत राहिली. दुसरी शिट्टी झाली तशी ती बोलता बोलता थांबली, आणि मावशीही थांबलेल्या तिला दिसल्या.

साडेसातला ती निघाली. मावशी जिन्याच्या तोंडापर्यंत आल्या. "येत जा अधूनमधून," त्या म्हणाल्या. "पण काम सोडून नको." कादंबरी येते म्हणाली. तसं म्हणताना पुढचा शनिवार, त्याच्या पुढचा रांचीचा दौरा, महिन्याअखेरचे अहवाल, हे सगळं तिच्या मनात आलं, आणि ते मावशींना दिसलं असावं, कारण त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

चौकात मेट्रोकडे जाणारी ऑटो उभी होती. मागे दोघं बसलेले, दोघांच्याही कानाशी फोन, दोघंही काहीतरी सांगत होते. कादंबरी तिसरी बसली. चालक चौथ्या प्रवाशाची वाट बघत रस्त्याकडे तोंड करून "मेट्रो, मेट्रो" म्हणत होता. बऱ्याच वेळाने एक बाई भाजीची पिशवी घेऊन आली आणि पुढे बसली, आणि ऑटो निघाली.